भरीचा उजेड

रोमेल मनिलाला कायमचा परतला तेव्हा
फ्लॅश मला ऐंशी दिरहमला देऊन गेला.
जाताना म्हणाला, भर दुपारी वापर,
रात्री काय, कुणीही वापरतं.

मी हसलो होतो. दुपारी? अजमानमध्ये?
इथे उजेड कमी पडतो म्हणणारा
अजून या यार्डात कामाला लागायचाय.

पण खरं होतं त्याचं.
बाराच्या उन्हात हेल्मेटची कड डोळे खाते.
पहिल्या उन्हाळ्यात चाळीसेक माणसं टिपली मी:
हनुवट्या, नाकांचे शेंडे,
आणि वर दोन-दोन काळ्या खोबणी.
मग फ्लॅश लावला, ताकद एक घर उतरवली,
तोंडावर टिशू पेपरची घडी,
आणि कडेखालून माणसं वर आली,
विहिरीत बुडालेली कळशी गळाला लागून यावी तशी.

एकटा परकार सोडून.

शरफुद्दीन परकार, बाणकोटचा, पाइप वेल्डर.
मी स्टोअरचा माणूस;
रोज सकाळी त्याला कांड्या मोजून देतो,
ओव्हनमधल्या, हाताला कोमट लागणाऱ्या.
कांडीला ओल लागली की जोड फसतो,
हे मला त्यानेच शिकवलेलं.
तीन शुक्रवार, अकरा फोटो,
प्रत्येकात मान खाली, डोळे मिटलेले.

"अरे, फ्लॅश उडायच्या आधीच मान कशी पडते तुझी?"
"पडते," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं पडते.
ठिणगी पेटायच्या आधी मान झटकायची,
मुखवटा खाली येतो.
उशीर झाला तर रात्रभर डोळ्यांत वाळू,
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं."
मग जरा थांबून,
"तुझं बोट हलतं ना, मला दिसतं ते."

मी त्याला समजावलं: हा उजेड मारायला नाही,
भरीला आहे, उन्हाने सोडलेल्या जागा भरायला.
"भर आमच्यातही असते," तो म्हणाला,
"पण खालचं लोखंड पातळ झाल्याशिवाय
भर धरत नाही."

फ्लॅश वळवला, पांढऱ्या कंटेनरच्या पत्र्यावर आपटून
उजेड मऊ करून आणला.
मान पडली.
कॅमेरा तिवईवर, टायमर लावला, बोटं खिशात.
लाल दिवा लुकलुकला.
मान पडली.

चौथ्या शुक्रवारी धूळ चढली.
खाडीपलीकडचे टॉवर पुसले गेले,
सूर्य दुधात टाकलेल्या बत्ताशासारखा
कडांनी विरघळत चाललेला.
कशालाच सावली नव्हती,
ना दोरखंडांना, ना उलट्या टांगलेल्या नांगराला.
मी फ्लॅशमधले चारही सेल काढून
त्याच्या समोर तळहातावर धरले.
"बघ. रिकामा आहे."

तो पिंपावर बसला.
शटर हळू ठेवावं लागलं, सेकंदाचा पंधरावा भाग.
हलू नकोस म्हणणार होतो, पण
पाइपाखाली उताणं पडून ज्याचा हात
एका रेषेत चालतो, त्याला ते काय सांगायचं?
हललो तो मीच, केसभर.
तरी डोळे आले. तपकिरी, थकलेले नाहीत, नुसते उघडे,
आणि उजव्यात एक पांढरा ठिपका.
मला वाटलं, फ्लॅशचा.
सेल तर खिशात होते.

रोल्यावर दोन्ही फोटो छापून आणले,
हा, आणि दुपारचा एक, मान पडलेला.
उघड्या डोळ्यांच्या फोटोकडे तो बराच वेळ बघत राहिला,
अंगठ्याने कोपरा पुसला, तिथे काही नव्हतं.
मग दुसरा उचलला.

"हा पाठवतो घरी.
सुट्टीत मी तिथे झोपलेलाच असतो.
याला ओळखतील."

राहिलेला मी स्टोअरमध्ये लावलाय,
ओव्हनच्या वर, ओल पोचत नाही तिथे.
कांड्या घ्यायला येतो तेव्हा
परकार तिकडे बघत नाही.
मोजून घेतो, सही करतो,
एखादी वाकडी निघाली तर परत देतो.